माकडटोपी नसलेला पाहुणा

एकटा पाहुणा शक्यतो ठेवायचा नाही, हे दार्जिलिंगच्या लॉजवाल्यांना कुणी शिकवावं लागत नाही. दोन वर्षांपूर्वी फुलमायाच्याच लॉजमधून एक तरणाताठा मुलगा फिरायला म्हणून गेला तो दरीतच सापडला. तरीही एकट्याच आलेल्या सान्यालबाबूंचे पिकले केस बघून तिनं खोली दिली आणि जिवाला घोर लावून घेतला.

"अहो, त्यांच्याकडे माकडटोपी नाही," तिनं नवऱ्याला सांगितलं.

हर्कबहादूर चहा ओतता ओतता हसला. "मग पोलिसांना बोलवू?"

"हसा! कलकत्त्याचा म्हातारा, पौषातली थंडी आणि उघडे कान? मफलरसुद्धा नाही. ज्या बंगाल्याला सर्दीचं भय उरलं नाही, त्याला जगायचंय तरी का?"

हर्कबहादूरचं हसू विरलं. तेवढ्यात सान्यालबाबू जिना उतरले, खोलीची किल्ली गल्ल्यावर ठेवली, "जेवायला वाट बघू नका," म्हणाले आणि बाहेर पडले. फुलमायानं शाल ओढली आणि मागोमाग निघाली. ते थांबले की ही संत्रीवालीपाशी भाव करायची. ते बाजार सोडून दरीच्या कठड्याकडे वळले तेव्हा मात्र तिचं धाबं दणाणलं. बाबूंनी कठडा धरला, डोळे मिटले आणि ते पुढे वाकले.

"दाजू! अहो दादा!" तिनं धावत जाऊन त्यांचा कोट मागून गच्च पकडला. "नका हो! पुन्हा नको!"

"अहो दीदी, सोडा! काय झालं?"

"तुमची टोपी कुठाय?" ती ओरडली.

बाबूंचा हात उघड्या कानाकडे गेला. मग हळूच म्हणाले, "दरवर्षी इथे आलो की बायकोच ती मला हनुवटीपर्यंत ओढून घालायची. तिच्या बडबडीत इथला वारा कधी ऐकूच आला नाही. श्रावणात ती गेली. म्हटलं, या खेपेला वारा ऐकावा."

"मग?"

"काही नाही त्यात. नुसतं भणभणतं."

आणि त्यांना शिंक आली. पाठोपाठ दुसरी. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "दीदी, सर्दी झाली की काय मला? न्यूमोनिया तर नाही ना होणार?"

फुलमायाला रडूच फुटलं. डोळे पुसत तिनं आपली शाल त्यांच्या डोक्याकानांवरून घेतली आणि हनुवटीखाली गाठ मारली.

"आवळतंय का?"

"नाही," बाबू म्हणाले. "अजून घट्ट बांधा."