पूर्ण वाक्य

शाळेच्या मुलाखतीला महिना उरला तेव्हा चिमणीच्या आईने घरात फर्मान काढलं: मागायचं, सांगायचं, रुसायचं, सगळं इंग्रजीत. मराठीत बोललं तर आईला ऐकू येणार नाही. चार वर्षांच्या जिभेला सोपं जावं म्हणून तिने आधी 'गेट' घोटून घेतलं. आणायचं तरी गेट, मिळालं तरी गेट. उठायचं, उतरायचं, भिजायचं, तयार व्हायचं, समजलं, तरी गेटच.

"बिचारा हा गेट! एकटा गडी आणि अख्ख्या घराची धुणीभांडी त्याच्या गळ्यात," भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही तरी तिच्याशी मराठीत बोलू नका हं."

"मग मुकीच हो म्हण ना मला!"

त्या संध्याकाळी चिमणी कानावर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आली.

"मम्मा, दुख..."

आईने ठरल्याप्रमाणे ऐकलंच नाही.

चिमणीने ओठ मिटले. मग म्हणाली, "आय गेट..."

"गेट व्हॉट? फुल सेंटेन्स, बेटा."

पोरीने इकडेतिकडे पाहिलं. ओट्यावर पाण्याचं भांडं होतं. "आय गेट वॉटर."

"व्हेरी गुड!" आईने पाणी दिलं, पापा घेतला. चिमणीने दोन घोट कसेबसे गिळले. थोड्या वेळाने पुन्हा आली. "आय गेट बेड."

"अगं, पोर मलूल दिसतेय," सासूबाई म्हणाल्या.

"झोप आलीय तिला. पण आई, दोन वाक्यं केली, स्वतःहून!"

सकाळी उशीवर पिवळा डाग होता आणि पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कानात बॅटरी मारून पाहिलं. "पडदा फुटलाय. भरून येईल. पण काल फार दुखलं असणार हिला. का गं, आईला सांगितलं नाहीस?"

चिमणीने आईकडे पाहिलं. "मम्मा, मराठीत सांगू?"

आईने मान डोलावली.

"सांगत होते," चिमणी म्हणाली, "पण मला पूर्ण वाक्य येत नव्हतं."

फर्मान त्याच दिवशी मोडीत निघालं. कानही यथावकाश बरा झाला. पण अजून कुठे पडली, खरचटलं, की चिमणी धावत येते आणि आईसमोर थबकते. आधी तिचा चेहरा न्याहाळते.

"मम्मा, सांगू?"

"सांग गं राणी, कसंही सांग," असं आईच्या तोंडून निघेपर्यंत पोर रडूसुद्धा धरून ठेवते.