टर्कीची दुसरी साद

लतिका खांबेटे पुण्याच्या वेधशाळेत तेहतीस वर्षं हवामान निरीक्षक होत्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी सकाळी उठल्यावर आधी आभाळ बघायचं आणि मग चहाचं आधण ठेवायचं, ही सवय काही सुटली नव्हती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या तीन महिन्यांसाठी लेकीकडे आल्या. ईप्सिता आणि जावई फ्रँकफर्टला सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. घर मात्र शहरापासून एस-बान म्हणजे लोकल गाडीने पाऊण तासावर, जंगलाला लागून असलेल्या निडरबाख नावाच्या खेड्यात. आईसाठी ईप्सिताने विमानतळावर जाडजूड जॅकेट आणलं होतं. ते हातातच राहिलं. बाहेर एकोणीस अंश होते.

"मार्चमध्ये असं असतं इथे?" लतिकाताईंनी विचारलं.

"छे गं. फेब्रुवारीपासूनच असं चाललंय. सगळे खूश आहेत, आइसक्रीमची दुकानंसुद्धा उघडलीत."

महिना संपत आला तसे जंगलातले बीच वृक्ष पालवले. एका दुपारी लतिकाताई मागच्या बागेत कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा कुंपणापलीकडून करकर आवाज आला. तेल न घातलेल्या बिजागरीसारखा. पण थांबून थांबून, जणू कुणीतरी उत्तराची वाट बघतंय. त्यांनी वाकून पाहिलं. शेजारच्या फ्राउ क्रेमर, म्हणजे क्रेमरबाई, पायरीवर बसल्या होत्या. सत्तरीची, काटक बाई. हातात एक लाकडी डबी होती आणि तिचं झाकण त्या कडेवर घासत होत्या.

"हे काय आहे?" लतिकाताईंनी इंग्रजीत विचारलं.

"टर्की पक्ष्याची मादी," फ्राउ क्रेमर म्हणाल्या. त्यांचं सारं आयुष्य विमानतळावर सामानाच्या विभागात गेलं होतं, त्यामुळे इंग्रजी चांगलं होतं. "म्हणजे, तिचा आवाज. यंदा नर याला उत्तरच देत नाहीत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पन्नासेक वर्षांपूर्वी इथल्या एका जमीनदाराने अमेरिकेतून रानटर्क्या आणून जंगलात सोडल्या होत्या. त्यातल्या तीस-चाळीस अजून टिकून होत्या. फ्राउ क्रेमरांकडे शिकारीचा परवाना होता आणि शिकारी मंडळ त्यांना दर वसंतात एक नर मारायची परवानगी देई. मुदत पंधरा मार्च ते पंधरा मे. फक्त नर, माद्यांना हात लावायचा नाही. पहाटे झाडाखाली बसायचं, डबी वाजवायची, नर गडगडाट करून उत्तर देतो आणि चालत समोर येतो.

"फेब्रुवारीत नुसता कल्लोळ होता. तेव्हा शिकार बंद. आता शिकार उघडलीय, तर सगळे मुके झालेत. ही हवा! हिने सगळ्याचा विचका केलाय."

"फेब्रुवारीत कुठल्या तारखेला पहिला ओरडला?"

फ्राउ क्रेमरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "सोळा."

"आणि एरवी?"

त्या आत गेल्या आणि एकोणीस छोट्या डायऱ्या घेऊन आल्या.

पुढचे चार दिवस लतिकाताई जेवणाच्या टेबलावरून हलल्या नाहीत. पहिला गडगडाट, कधी थांबला, परत कधी सुरू झाला, पहिली पालवी, थंडीचा शेवटचा कडाका. फ्राउ क्रेमरांनी सगळं पेन्सिलने टिपून ठेवलेलं. जर्मन शब्द अडले की ईप्सिताला हाक. दर वर्षी नर दोनदा ओरडायचे. आधी माद्या जमवायला. मग माद्या सोबत असल्या की गप्प. आणि माद्या अंड्यांवर बसल्या, नर एकटे पडले, की पुन्हा. फ्राउ क्रेमरांना शिकार मिळायची ती नेहमी या दुसऱ्या वेळी, एप्रिलअखेरीला.

"म्हणजे ते रुसलेले नाहीत," लतिकाताई कुंपणाशी जाऊन म्हणाल्या. "फक्त त्यांचं सगळं लवकर चाललंय. आत्ता माद्या बरोबर आहेत, तुमच्या डबीला कोण विचारतो?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" फ्राउ क्रेमर मोठ्याने हसल्या. "मग परत कधी?"

इथे लतिकाताई अडखळल्या. पहिला आवाज चार आठवडे लवकर, म्हणून दुसराही चार आठवडे लवकर, असं सरळ गणित डायऱ्यांत दिसत नव्हतं. पूर्वीच्या दोन उबदार वर्षांत नर खूप आधी ओरडले होते, पण त्यांची दुसरी साद थोडीच आधी आली होती, म्हणजे माद्याही थोड्याच आधी बसल्या असणार. ऊब वाढली तरी दिवसाची लांबी तर तीच. अंडी घालायला माद्या बहुधा उजेड बघत असाव्यात.

"तेरा एप्रिल," त्या शेवटी म्हणाल्या. "दोन दिवस इकडे-तिकडे."

"मग तुम्हीही या."

ईप्सिताने कपाळाला हात लावला. "आई, तू केक खातानासुद्धा यात अंडं आहे का म्हणून दहादा विचारतेस. आणि शिकारीला जाणार?"

"मी शिकारीला नाही जात. अंदाज बरोबर येतो का ते बघायला जातेय."

तेरा तारखेला काही झालं नाही. चौदाला पहाटे साडेपाचला दोघी एका जाड ओकला टेकून बसल्या. गुडघे दुखत होते, हवेत ओल्या मातीचा वास होता. फ्राउ क्रेमरांनी झाकण तीनदा घासलं. क्षणभर शांतता. आणि मग डावीकडच्या उतारावरून असा गडगडाट आला, की लतिकाताईंनी शेजारणीचा दंडच धरला.

"एक दिवस चुकलात," फ्राउ क्रेमर कुजबुजल्या.

नर जवळ आला. पाचोळ्यात त्याची पावलं ऐकू येत होती, ओरडला की अंगात थरथर जाणवत होती, पण दिसला नाही. एरवी एप्रिलच्या मध्यात रान उघडंबोडकं असतं. यंदा खाली झुडपांची हिरवी भिंत उभी होती. फ्राउ क्रेमर दिसल्याशिवाय बंदूक उचलणाऱ्यांतल्या नव्हत्या. अर्ध्या तासाने तो कंटाळून निघून गेला. लतिकाताई घरी परतल्या त्या शाळेतल्या मुलीसारख्या खुशीत. चहा पिताना त्यांना एकदम वाटलं, आपल्याला तो पक्षी मेलेला हवा होता का? तसं नक्की नव्हतं. पण तो समोर यावा आणि अंदाजाचं वर्तुळ पुरं व्हावं, असं मात्र फार वाटलं होतं. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

एकोणीस तारखेला वारा उत्तरेला फिरला. लतिकाताईंनी संध्याकाळीच ईप्सिताला कुंड्या आत घ्यायला लावल्या. वीसला बर्फ पडला, तो दोन दिवस पडतच राहिला. रात्री पारा उणे सहावर गेला. कोवळी पानं काळी पडून लोंबू लागली.

बावीसला दोघी जंगलात पाहणीला गेल्या. पडलेल्या फांदीच्या आडोशाला फ्राउ क्रेमरांना खळगा दिसला. आत नऊ अंडी होती, फिकट तपकिरी, ठिपक्यांची. निम्म्यांवर बर्फ. मादीच्या पावलांचे ठसे घरट्यापासून दूर जाताना दिसत होते, परतीचा एकही नव्हता. लतिकाताईंनी हातमोजा काढून बोटांची मागची बाजू एका अंड्याला लावली. दगडासारखं गार.

"पुन्हा घालते का?"

"घालते कधी कधी. महिनाभर उशिरा."

"त्यासाठी नर पुन्हा लागतो?"

फ्राउ क्रेमरांनी एका अंड्यावरचा बर्फ बोटाने झटकला. "मला माहीत नाही. कुणी म्हणतं, पहिल्यांदाचं मीलनच पुरतं. कुणी म्हणतं, नर हवाच. एकोणीस वर्षं मी फक्त नरांचं लिहिलं. हा प्रश्न मी कधी विचारलाच नाही."

दुसऱ्या दिवशी पहाट लख्ख उजाडली. पानं गळून पडलेली, बर्फाने झुडपं झोपवलेली. पन्नास पावलांपर्यंतचं सगळं स्पष्ट दिसत होतं. डबी एकदाच वाजली आणि तो आलाच. पिसारा फुलवून, पंख बर्फावरून खरडत, मान निळी-लाल. वीस पावलांवर थांबला. उन्हात त्याची पिसं तांब्याच्या भांड्यासारखी चमकत होती. फ्राउ क्रेमरांनी बंदूक खांद्याला लावली.

लतिकाताई श्वास रोखून बसल्या. त्यांना वाटलं, आपण काही बोलू नये, आपण पाहुण्या आहोत.

बंदूक खाली आली. नराने मान वाकडी करून झाडाकडे पाहिलं आणि सावकाश उतारावर निघून गेला.

"का?" लतिकाताईंनी अखेर विचारलं.

"तुमच्या प्रश्नामुळे," फ्राउ क्रेमर जराशा चिडूनच म्हणाल्या. "दुसऱ्यांदा अंडी घालायला तो लागत असेल तर? या बर्फात किती घरटी गेली कोण जाणे. आणि मंडळातले परवानगी मिळालेले बाकीचे चार जण मला विचारतील, आम्ही मारू का, तेव्हा मी काय सांगू?"

मंडळाच्या बैठकीत फ्राउ क्रेमरांनी जे सांगितलं ते लतिकाताईंनीही ऐकलं, कारण त्यांना सोबत नेलं होतं. जर्मनमधलं त्यांना फारसं कळलं नाही. आवाज चढले, एक गृहस्थ टेबलावर थापा मारत होते. शेवटी त्या वसंतात कुणी नर मारायचा नाही, असं ठरलं. बाहेर आल्यावर फ्राउ क्रेमर म्हणाल्या, "दोघं माझ्याशी बोलणार नाहीत आता, निदान ऑक्टोबरपर्यंत."

मेच्या शेवटी लतिकाताई पुण्याला परतल्या. वीस जूनला फोनवर फ्राउ क्रेमरांचा एक फोटो आला. उंच गवतात मादीची मान आणि भोवती काही तपकिरी ठिपके. त्यांनी चष्मा पुसून फोटो मोठा केला. चार पिल्लं दिसत होती. पाचवं होतं की गवताचा तुरा, ते कळेना. खाली लिहिलं होतं, पिल्लं आठवडाभराची; म्हणजे तेराच्या सुमारास अंड्यातून बाहेर आलेली. त्याआधी उबवणीचे अठ्ठावीस दिवस, त्याआधी अंडी घालायचे अकरा-बारा. बोटांवर मोजत त्या मेच्या पहिल्या आठवड्यापाशी पोचल्या. म्हणजे बर्फानंतरचीच.

पण त्यासाठी नर पुन्हा लागला होता की पहिलं मीलनच पुरलं होतं, हे त्यातून कळत नव्हतं.

त्यांनी उत्तर लिहिलं: "किमान चार. इतर माद्यांचं काय? दिसतील तशा तारखा टिपाल का?"

पाच मिनिटांत फ्राउ क्रेमरांचा निरोप आला. नवी वही घेतली होती, माद्यांसाठी वेगळी. पहिल्या पानाचा फोटोही पाठवला होता. बाण काढून नराबद्दलच्या एका नोंदीशी प्रश्नचिन्ह केलं होतं, आणि लतिकाताई ते वाचायला खिडकीच्या उजेडात गेल्या.