आधी तुम्ही बसा, सर

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, एका वाडीच्या शाळेत दातांचं मोफत शिबिर भरलं होतं. पडवीत बॅनर, बॅनरवर डॉक्टर यशराजांचा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'परदेशात प्रशिक्षित अम्बरीन'. महाडची ही पोर दात साफ करण्याचं शिक्षण घेत होती आणि नुकतीच मस्कतच्या एका दवाखान्यात तीन महिने शिकून आली होती. शिबिर नीट पार पडलं की महाडच्या आपल्या दवाखान्यात नोकरी पक्की, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. पुन्हा घर सोडायला नको, म्हणून ती खुशीत होती.

माणसं साठ आणि हत्यारांचे संच चार! पहिला तासभर डॉक्टरच तेच संच औषधाच्या पाण्यात बुचकळून पुन्हा पुन्हा वापरत दात साफ करत होते, ती वहीत नावं लिहीत होती. तिच्या मनात पाल चुकचुकत होती, पण नोकरीपायी गप्प होती. नववा महिपत. त्याच्या हिरडीतून रक्त आलं. तेच हत्यार डॉक्टरांनी तांबूस औषधाच्या पाण्यात बुचकळलं, झटकलं आणि तिच्या हातात दिलं.

"आता तू घे पुढची."

पुढची येसूबाई. दोन तास डोंगर उतरून आलेली म्हातारी खुर्चीत आ वासून बसली होती.

"सर, हे वाफेच्या यंत्रातून काढायला हवं."

"इथे कुठून आणू यंत्र? आणि या लोकांना काय होतंय!"

या लोकांना! अम्बरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मस्कतला शिकणाऱ्या मुलींना आधी एकमेकींच्या हाताखाली खुर्चीत बसवलं होतं. जे स्वतःच्या तोंडात घ्यायला कचराल ते दुसऱ्याच्या तोंडाजवळ नेऊ नका, असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. एकदा हातमोजा नुसता खुर्चीवरच्या दिव्याला लागला, तर तिला दिवसभर बाजूला बसवलं होतं. ते शिक्षण बॅनरवर मिरवायला हवं, वापरायला नको? हा कुठला न्याय!

"मग आधी तुम्ही बसा, सर. याच हत्याराने तुमचे दात साफ करते, मग आजींचे."

डॉक्टर हसले. ती हत्यार पुढे धरून उभीच राहिली.

"डोकं फिरलंय का तुझं? महिपतच्या तोंडातलं मी घेऊ? नोकरी विसर आता!"

येसूबाईने तोंड मिटलं. "आनि माज्या तोंडात चालतंय काय रे, डाक्टर?"

कोपऱ्यात हिरडीवर कापूस दाबून बसलेला महिपत उठून अम्बरीनजवळ आला.

"पोरी, माज्या आदी कोन होता गो?"

वही तिच्याच हातची होती. हातमोजे काढून तिने ती उघडली.

"चुकलं माझं, काका. पहिल्या माणसाच्या वेळीच बोलायला हवं होतं," ती म्हणाली. "नऊही जणांनी रक्त तपासून घ्या. मी येते बरोबर."

आणि ती मोठ्याने नावं वाचू लागली.