मोहघरची चाकबंदी

राकेशच्या बुडाखाली काटे आहेत की काय, असं अंजूरमध्ये कुणालाही विचारा, होच म्हणेल. जेवताना पाय हलतो, झोपेत पाय हलतो. राहनाळच्या गोदामात शिफ्ट सुपरवायझर, पण पाच मिनिटं खुर्चीत टिकेल तर शपथ. पस्तिशी आली तरी लग्न नाही, कारण मुलगी बघायला जायचं म्हटलं की हा सायकल काढून पसार होतो. रविवार उजाडला की मात्र गडी खूश. पहाटे साडेपाचला सायकल काढायची आणि दोस्त सुमित नि मंडळींना घेऊन डोंगराकडं सुटायचं.

मंडळी म्हणजे भिवंडीतली दहा-बारा सायकलवेडी माणसं. कुणी बँकेतलं, कुणी दवाखान्यातलं, एक वकीलसुद्धा. रस्ता शोधायचं काम राकेशचं. कंटेनरची रांग चुकवून, भातशेतांच्या मधून, जिथं चढ आहे पण हॉर्न नाही असा रस्ता त्यालाच सापडायचा. शनिवारी तो मोबाइलवर नकाशा आखून ग्रुपवर टाकायचा आणि बाकीचे डोळे मिटून त्याच्यामागं जायचे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्यानं आखलं ते असं: कवाड, अंबाडी, वज्रेश्वरी, मग डोंगरामागचं मोहघर आणि तिथून पलीकडं उतार. सुमितनं विचारलं, सरळ सडक सोडून त्या मोहघरात कशाला चढायचं? राकेश म्हणाला, चढ चांगला आहे. साफ खोटं. मोहघर त्याच्या मामाचं गाव होतं, आणि अकरा वर्षांत त्यानं तिथं पाऊल टाकलं नव्हतं.

झालं होतं ते असं. राकेशला पहिली सायकल दिली ती काळूराममामानं, आठवीत असताना. मोहघरच्या खळ्यावर मागून कॅरिअर धरून पळत पळत शिकवली तीही त्यानंच. मामाची मुलगी रूपा राकेशला द्यायची हे दोन्ही घरांनी कधीपासून धरलेलंच होतं. साखरपुड्याचा दिवस ठरला. मोहघरात मांडव पडला, चुली पेटल्या, आदल्या रात्रीपासून पाहुणे मुक्कामाला. आणि पहाटे नवरदेव अंजूरहून त्याच सायकलवरून गायब! जव्हारच्या बाजूला कुठंतरी भटकून दिवेलागणीला परत अंजूरला आला, तोवर मांडव उतरला होता. रूपाविषयी त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, दुसरी कुणी मनात होती असंही नव्हतं. सकाळी छाती दाटून आली आणि पाय चालते झाले, बस. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

रूपाचं पुढच्याच वर्षी वाड्याला लग्न झालं आणि ती सुखात आहे. भोगलं ते राकेशच्या आईनं, कलावतीनं. काळूराममामा भांडला नाही, शिव्या घातल्या नाहीत, फक्त बहिणीला निरोप धाडायचा थांबला. तीही मानी, बोलावल्याशिवाय गेली नाही. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. कलावतीचा सख्खा भाऊ चाळीस किलोमीटरवर धडधाकट बसलेला, आणि ती अकरा वर्षं अंगणात उभी राहून बिजेच्या कोरीला ओवाळत होती. तोंडातून चकार शब्द नाही. राकेश दाराआडून बघायचा आणि ताट खाली ठेवायच्या आत सायकल घेऊन बाहेर पडायचा.

यंदा नवरात्रात मात्र ती बोलली. गुडघ्याला तेल चोळता चोळता, कुणाकडंही न बघता म्हणाली, "दादा हाय का न्हाय, तेवढं तरी कुणी सांगा." त्या एका वाक्यापायी राकेशनं मोहघरचा रस्ता आखला होता. बेत काय, तर मामाच्या ओट्यासमोरून सुसाट जायचं, मामा बसलाय का ते तिरप्या नजरेनं बघायचं आणि घरी येऊन आईला सांगायचं. थांबायचं नाही. काय ती हिंमत!

सव्वाआठला मंडळी घामाघूम होऊन मोहघरच्या वेशीला पोचली आणि ब्रेक करकचले. रस्त्यावर आडवा बांबू, त्याला आंब्याचे डहाळे. बाजूला चारपाच बाया भाताच्या पेंढ्या घेऊन बसलेल्या. त्यातली एक उठून पुढं आली, म्हणाली, आज नवं आहे, गावात चाकबंदी आहे. राकेशच्या तोंडचं पाणी पळालं. ती रूपा होती.

चाकबंदी त्याला लहानपणापासून ठाऊक होती. नवं म्हणजे पहिला भात कापला की तो डोक्यावरून गावदेवीला न्यायचा, आणि त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत मोहघरात चाक फिरवायचं नाही. बैलगाडी नाही, मोटरसायकल नाही, पोरांची खेळण्यातली गाडीसुद्धा नाही. याची तारीख कुठल्या कॅलेंडरात नसते. भात पिकला की म्हातारी माणसं दिवस धरतात आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीबहिणींना निरोप धाडतात. कलावतीलाही आठवडाभर आधी यायचा. तो अकरा वर्षांत आला नव्हता, मग राकेशला कळणार कुठून? निरोप बंद पाडला यानं आणि नेमका त्यातच अडकलाही हाच.

सुमितनं घड्याळ बघितलं आणि मागं फिरून सडकेनं वळसा घालायचं ठरवलं. राकेशनं तर सायकल वळवलीसुद्धा. पाय आपले आपण पॅडलवर गेले होते. तेवढ्यात रूपा बोलली, रागानं नाही, जराशी हसूनच. "तवा सायकल तुला घेऊन पळाली. आज तू तिला घेऊन चाल की."

राकेशचे कान तापले. तो खाली उतरला. सुमितला म्हणाला, तुम्ही व्हा पुढं. बूट काढून हँडलला अडकवले, सायकल खांद्यावर घेतली आणि बांबूखालून वाकून आत गेला. मामाचं घर गावाच्या वरच्या टोकाला, किलोमीटरभर चढ. सायकलवर हा चढ चार मिनिटांचा. खांद्यावर नऊ किलोचं ओझं आणि पायात नुसते मोजे असताना तो संपता संपेना. ओट्याओट्यावरून माणसं बघत होती. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली की हा कलाचा पोरगा, पळपुटा. राकेशला वाटलं, जमीन फाटेल तर बरं. पण पळायचं कसं? चाकं खांद्यावर.

काळूराममामा ओट्यावर लोंब्यांची जुडी बांधत बसला होता. केस पांढरेफेक, पण हात तसेच दणकट. त्यानं आधी सायकलीकडं बघितलं, मग भाच्याकडं, आणि जुडीची गाठ मारून झाल्यावर विचारलं, "कलाचा गुडघा कसा हाय?"

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. राकेशनं सायकल भिंतीला टेकवली आणि उभ्या उभ्या बोलून टाकलं, "मामा, चुकलं माझं."

"ते रूपाला सांग. तिनं कवाच सोडलं." मामानं दुसरी जुडी घेतली. "मी रोज वाट बघायचो. आठ दिसांत येशील वाटलं व्हतं."

आठ दिवस! इकडं भाऊ भाच्याची वाट बघतोय, तिकडं बहीण भावाच्या निरोपाची, आणि मधे हा बाबा डोंगर डोंगर सायकल हाणतोय. त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचीच चीड आली, अशी की दात आवळले गेले. आतून रंगूबाई मामी केळीची पानं घेऊन आली आणि तिनं उरलंसुरलं ऐकवलं. या घरात नव्याचं पहिलं पान बहिणीचं असतं. "अकरा वर्सं तिचं पान वाढते नि सांजला गाईला घालते. गाय पन कंटाळली," म्हणाली आणि पदर डोळ्याला लावून पुन्हा आत गेली.

राकेशनं फोन लावला. आईला एवढंच सांगितलं की मी मोहघरात आहे, मामा बरा आहे आणि आज नवं आहे. तिनं विचारलं, निरोप कुणी दिला? राकेशनं फोन मामापुढं धरला. मामानं तो हातात घेतला नाही, बसल्या जागेवरून नुसता आवाज चढवला, "कला, नवं हाय. ये."

त्यानंतरचे अडीच तास राकेश वेशीवर बसून होता. पलीकडच्या उतारावरून सुमितचे तीन फोन आले, त्यानं सांगितलं की मी येत नाही, तुम्ही घरी जा. दर दोन मिनिटांनी उठून रस्ता बघायचा आणि परत बसायचा. आई रागावली असेल का? गुडघ्यामुळं निघालीच नसेल तर? सायकल मामाच्या ओट्यावर, चाक फिरवायची सोय नाही, वाट बघण्यापलीकडं हातात काही नाही. ही शिक्षा त्याला सोसत नव्हती, आणि तो उठून गेलाही नाही.

साडेअकराला अंजूरहून रिक्षा आली. एवढ्या लांब आणल्याबद्दल रिक्षावाला कुरकुरत होता. कलावती उतरली, घडीच्या रेघा तशाच असलेलं हिरवं लुगडं नेसून. तिच्या गुडघ्यानं हा चढ व्हायचा नव्हता. राकेश तिच्यापुढं पाठ करून वाकला, म्हणाला, पाठीवर बस, नेतो. तिनं त्याच्या पाठीवरून पलीकडं बघितलं. काळूराममामा चढ उतरून वेशीपर्यंत आला होता.

"तू आपली सायकल सांभाळ," ती लेकाला म्हणाली. "मला माझा भाऊ हाय."

मामानं हात पुढं केला. तिनं तो धरला आणि बांबूखालून वाकून माहेरात शिरली. दहा पावलांवर दम घ्यायला थांबली तेव्हा ती म्हणाली, "दादा, यंदा चांदोबाला सांगते, दुसरी बहीण बघ म्हणून."

मामाला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तो खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत राहिला. मग दोघं पुन्हा चालायला लागली, आणि राकेश त्यांच्या मागून, त्यांच्याच चालीनं. तेवढा चढ चढायला तिघांना पाऊण तास लागला.