पायांची ऊब

एमआरआय सेंटरच्या दारात मशीन चालवणाऱ्या माणसाने विचारलं, बाळाच्या अंगावर ताईत, करदोडा, काळा दोरा काही आहे का. मी जरा ताठ्यानेच सांगितलं, आमच्यात तसलं काही बांधत नाहीत. आमच्या केदारखेड्यातल्या गंड्यादोऱ्यांची टिंगल करण्यात माझ्या आईचं, गिरिजाबाईचं, आयुष्य गेलंय. बुद्धवंदनेशिवाय तिचे हात कुठे जुळले नाहीत.

बाळ माझ्या भावाचं, राजानंदचं. जन्मताना नाळेचा वेढा गळ्याला बसला आणि ते लवकर रडलंच नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला ऑक्सिजन कमी पडलाय. पुढची इजा रोखायची तर तीन दिवस बाळाला थंड ठेवायला हवं. थंड गादीवर, अंगावर कपडा न घालता. मग हळूहळू ऊब द्यायची आणि पाचव्या दिवशी मेंदूचा फोटो काढायचा. राजानंदला ते पटलं, मला पटलं, सिझेरियनमुळे खाटेवरून उठता न येणाऱ्या त्याच्या बायकोला, भावनाला, आम्ही पटवलं. आईने नुसती मान हलवली. ती नुसती मान हलवते तेव्हा तिला काहीएक पटलेलं नसतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे; त्या दिवशी मात्र कुणाला आठवलं नाही.

बाळाजवळ घरातली एकच बाई बसू शकत होती. मला शाळेत शिकवायला जायचं होतं, म्हणून आई बसली.

फोटोच्या दिवशी नर्स बेबीनंदाने बाळाला नळीने दूध दिलं आणि दुपट्यात घट्ट गुंडाळून आणलं. पोट भरलं की बाळं आपोआप झोपतात, औषध लागत नाही, असं ती म्हणाली. आमचं तर आधीच झोपलेलं होतं. आत मशीनची धाडधाड सुरू झाली, ती बाहेर बाकावर बसून आमच्या छातीत घुमत होती. बेबीनंदा काचेतून बघत होती. कान कितीही झाका, इतर बाळं थोडी तरी दचकतात, हे दचकलं नाही, असं ती कुणाकडेच न बघता बोलली. आई खूश झाली. शहाणं लेकरू, म्हणाली. मला ते शहाणपण नको होतं. मला ते रडायला हवं होतं.

मग आई माझ्याजवळ सरकली.

"तू काळजी नको करू. यांनी तं गारठून मारलं असतं लेकराला. मी व्हते म्हनून."

"काय केलंस तू?"

"नर्स तिकडं गेली की भावनाच्या गरम पान्याच्या पिशवीवर फडकं तापवायची न् त्याच्या पाठीखाली सरकवायची. पाय तं हातातच धरून बसायची. ते ताप मोजायचं मशीन वरडलं की जल्दी काढून घ्यायची."

तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला तिचा संताप आला आणि त्याच वेळी तिला कुठेतरी लपवून ठेवावंसंही वाटलं. आमच्या गल्लीतली निम्मी बाळं तिच्या शेगडीवर शेकली गेली आहेत. ताईतावर शंका घ्यायला ती शिकली, उबेवर शंका घ्यायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

संध्याकाळी डॉक्टरांनी पडद्यावर फोटो दाखवला. मेंदूच्या मधोमध, दोन्ही बाजूंना, पांढरट डाग होते. हातापायांची हालचाल, गिळणं, सगळं तिथून चालतं, असं त्यांनी सांगितलं. थंड ठेवूनही असं कसं, राजानंदने विचारलं. डॉक्टरांनी तापमानाचा तक्ता पुढे ओढला.

"थंड ठेवून प्रत्येक बाळाची इजा टळतेच असं नाही. याचं तापमान मधूनमधून वर जात होतं, आम्हाला वाटलं तापमान मोजणारी वायर सुटतेय. त्याने फरक पडला की इजा जन्मतानाच एवढी होती, हे फोटोवरून सांगता येणार नाही."

आई उठून पडद्याजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली.

"डॉक्टरसाहेब, मी दिसून राह्यले का त्याच्यात?"

डॉक्टरांना काही समजलं नाही. नाही आजी, यात फक्त मेंदू दिसतो, ते म्हणाले. राजानंदलाही समजलं नाही. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

वॉर्डात भावना पहिल्यांदाच बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. फोटोचं तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. आईला बघून तिला धीर आला.

"आई, याचे पाय गार लागून राह्यले. जरा धरा ना हातात."

आईने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ती दाराशीच उभी राहिली.