एकशे नव्वद लिटरची थोरली फळी

मित्रांनो, माझे वय झाले आहे, पाठीवर तीन ठिगळे आहेत आणि मी भित्री आहे. मी एक शिडाची फळी. माझ्यावर उभे राहून, हातात शीड धरून माणसे पाण्यावरून वाऱ्याच्या जोरावर जातात. शहरात या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. मी लाकडाची नाही; आत थर्माकोलसारखा घट्ट फेस आणि बाहेर कडक प्लास्टिक. लांबी सव्वानऊ फूट, रुंदी तीन फुटांना थोडी कमी, आणि माझे माप एकशे नव्वद लिटर. हे माप नीट समजून घ्या. फळी जितक्या लिटरची, साधारण तितक्या किलोंचे ओझे पाण्यावर तरते, आणि त्या ओझ्यात फळीचे स्वतःचे वजनही धरायचे असते. शेवटचे वाक्य लोक विसरतात. माझी गोष्ट त्या विसरण्याचीच आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात साच्यातून झाला. तिथून मी मुंबईकडच्या समुद्रकाठी एका शिकवणीवर्गात आले. बारा वर्षे नवशिक्यांनी माझ्यावर पाय ठेवले आणि माझ्यावरून पाण्यात पडले. शिकवणारे म्हणत, ही फळी फार समजूतदार आहे, कोणालाही सांभाळून घेते. ते कौतुक मला आवडायचे. पुढे हलक्या, चकचकीत फळ्या आल्या आणि मला शेडच्या मागे उभे करून ठेवले. तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली. उन्हाने प्लास्टिकला तडे जातात, तड्यातून पाणी आत शिरते, फेस भिजतो आणि फळी आतून मरते. बाहेरून मात्र कोणाला काही दिसत नाही.

मला तिथून संघदीपने सोडवले. पंधरा वर्षे नौदलात काढून तो गावी परतत होता. कापसाच्या गाठी पोचवून रिकाम्या निघालेल्या ट्रकवर मला आडवे बांधून त्याने यवतमाळ जिल्ह्यात, बाभुळगावजवळच्या एका धरणाच्या काठी आणले. त्याचे जुने गाव त्याच धरणात गेले. लोक आता पूर्वेच्या काठावर नव्या गावठाणात राहतात. गावठाणाच्या उंचवट्यावर विहार आहे आणि विहारावर पंचशील ध्वज. संघदीपच्या अंगणातून तो दिसतो. झेंडा ताणून उभा राहिला की पाण्यावर वारा आहे, लोंबला की घरी बसायचे, असा त्याचा नियम होता. हाच नियम त्याने भाचीला शिकवला.

भाची म्हणजे उर्वशी. संघदीपच्या थोरल्या बहिणीची, कौसल्याची मुलगी. वय तेवीस. बाभुळगावला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये ती लोकांच्या हातातून सुईने रक्त काढते, आणि रविवारी मामाकडे येऊन माझ्यावर चढते. पहिल्या महिन्यात ती सरळ उभी राहण्यापेक्षा जास्त वेळ पाण्यातच असायची. काठावर तानाबाई जाळी सुकवत असे. ती धरणात मासेमारी करते, साठीची आहे आणि तिचे तोंड गप्प राहत नाही. तिने पहिल्याच दिवशी विचारले होते, "दार कोणाच्या घरचं काढून आणलं वं, पोरी?"

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत उर्वशी तयार झाली. जानेवारीत धरण तुडुंब होते. वळताना आता ती पडत नसे. पाण्यात पडून राहून शीड वाऱ्यावर धरायचे आणि वाऱ्यानेच आपल्याला उचलून फळीवर उभे करायचे, हेही तिला जमू लागले. हे कौशल्य महत्त्वाचे आहे, पण त्याला वारा लागतो. संघदीप खूश होऊन म्हणाला की आता तुला दुसरी, लहान फळी घ्यायला हवी. मला अभिमान वाटला. त्याच क्षणी मुंबईतली ती शेडमागची जागाही आठवली.

आता माझी चूक सांगते. ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

मार्च लागला आणि धरणाचे पाणी उतरू लागले. पश्चिमेच्या काठाला एक लांबट टेकाड आहे. जानेवारीत ते पाण्याच्या वर जेमतेम बैलाएवढे दिसायचे. मे महिन्यात तेच टेकाड चाळीस फुटांची भिंत होते, आणि आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. झाडाची जशी उन्हात सावली पडते, तशी त्या टेकाडाची वाऱ्यात सावली पडते. वारा टेकाडावरून उडी मारून पुढे जातो, विहारावरचा झेंडा ताणतो, पण टेकाडाच्या पायथ्याशी पाण्यावर काहीच नसते. उर्वशी तिथे शिरली की शीड मलूल व्हायचे. ती क्षणभर थबकायची, तोल सावरायची, मागचा वेग आणि माझे रुंद अंग तिला पलीकडे न्यायचे. तिला कळायचेही नाही. तिच्या सगळ्या चुका मी पोटात घातल्या. मला वाटायचे, हीच माझी माया.

मेच्या सुरुवातीला संघदीपचा नागपूरचा एक दोस्त दोन फळ्या ठेवून गेला. पंधरा दिवस वापरून बघा, एक ठेवा, एक परत करा, असे ठरले. एक पांढरी, एकशे पाच लिटरची, थोडी रुंद, ओरखड्यांची. दुसरी लाल, पंच्याहत्तर लिटरची, मिरचीसारखी टोकदार. उर्वशीने पांढरीकडे धड पाहिलेही नाही.

संघदीप म्हणाला की आधी पांढरी पाण्यात घालून बघ. उर्वशी म्हणाली, "ते तं या दाराचीच धाकटी बहीण हाय, मामा. मले बदल पाहिजे."

कौसल्या ओसरीवर कुरडयांचा साचा धूत होती. "बदल पाहिजे तं केस काप," ती म्हणाली.

मामा हसला आणि त्याने बोटांवर हिशेब केला. पोरीचे वजन चौसष्ट, फळी पंच्याहत्तरची, म्हणजे अकरा वरचे. तेवढे पुरे, म्हणाला. मी भिंतीला टेकून ऐकत होते. ओले जीवरक्षक जाकीट, शीड, त्याची काठी आणि आडवा दांडा मिळून दहा किलो होतात. फळी स्वतः सात किलोंची. चौसष्ट, दहा आणि सात म्हणजे एक्याऐंशी. वारा चालू असेल आणि फळी धावत असेल तर पाणी तिला उचलून धरते. थांबली की ती बुडते. मला तोंड असते तर मी त्या क्षणी ओरडले असते.

त्या रविवारी दुपारी चार वाजता झेंडा ताणून उभा होता. उर्वशीने लाल फळी उचलली. मी काठावर पालथी पडले होते आणि माझ्या पोटावर कौसल्याने कुरडयांच्या आठ रांगा वाळत घातल्या होत्या.

ती निघाली. लाल फळी पाण्याला जेमतेम शिवत होती. एवढा वेग मी तिला कधीच देऊ शकले नव्हते. खरे सांगते, मला हेवा वाटला. पाणी तिरपे तिरपे कापत ती पश्चिमेला गेली, मध्ये वळली, तिने झेंड्याकडे एकदा पाहिले आणि ती टेकाडाच्या दिशेने आत शिरली.

शीड आधी फडफडले, मग लोंबले. लाल फळी घोट्यांपर्यंत बुडाली, गुडघ्यांपर्यंत बुडाली आणि शीड पाण्यावर आडवे झाले. उर्वशीने पाण्यात पडून शीड वर धरले. वारा असता तर त्याने तिला उचलले असते. तिने फळीवर चढून दोरीने शीड ओढायचा प्रयत्न केला. फळी तिच्यासकट खाली गेली. पुन्हा चढली, पुन्हा खाली. मी मोजत होते. अकरा वेळा. नंतर ती चढली नाही, नुसती फळीला धरून राहिली. ती जिथे होती तिथे पाण्याखाली जुन्या गावाच्या शिवारातल्या बाभळींची खोडे उभी आहेत आणि त्यांच्यामधून तानाबाईची जाळी लावलेली असतात. आमच्या काठापासून अंतर आठशे मीटर. आणि टेकाडाच्या मागून काळे आभाळ चढू लागले होते. पहिला गडगडाट झाला. आमच्याकडे मेच्या विजा दरवर्षी माणसे आणि जनावरे नेतात. उघड्या पाण्यावर शिडाची काठी हाती असलेले माणूस म्हणजे विजेला आयते निमंत्रण.

संघदीप झेंड्याकडे पाहत होता. "वारा तं हाय," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "वारा तं हाय ना."

तानाबाई जवळच तिच्या उलट्या घातलेल्या डोंग्याला डांबर लावत होती. तिने हात थांबवला. "वारा वर हाय, संघदीप. खाली पाण्यावर नाही. मार्चपासून नाही."

"मंग सांगितलं काहून नाही, मावशी?"

"तुमी झेंड्याले विचारून राह्यले होते. मले कोणी विचारलं?"

तो शर्ट काढू लागला. त्याचा डावा गुडघा नौदलातच निकामी झाला आहे. पाणी सोडा, पायऱ्या चढतानाही तो भिंत धरतो. तानाबाईने त्याला खाली बसवले. डोंग्याचे डांबर ओले होते आणि फटी उघड्या होत्या. तिने इकडे तिकडे पाहिले आणि तिची नजर माझ्यावर आली.

कौसल्याने दोन्ही हातांनी आठही रांगा चिखलात लोटल्या. दोन दिवसांचे काम होते ते.

मित्रांनो, मी आयुष्यात शेकडो माणसे वाहिली, पण वल्हे घेऊन गुडघ्यांवर बसलेली बाई कधी वाहिली नव्हती. तानाबाई मला शिव्या देत होती, हे दार सरळ काहून चालत नाही म्हणून. पाठीवरच्या एका ठिगळातून पाणी आत येत असल्यासारखे वाटत होते. मला वाटले, मी इथेच भिजून बसले तर पाण्यात दोन बाया होतील. मध्यावर वीज चमकली आणि तानाबाई शिव्या द्यायची थांबली. ते मला जास्त भयंकर वाटले. पुढे एका खोडाने माझे पोट टोकापासून टोकापर्यंत खरवडले.

उर्वशीचा चेहरा राखेसारखा झाला होता. जाकिटामुळे ती वर होती, पण तिच्या उजव्या पायाला जाळे गुंडाळले होते आणि ती जितकी झटकत होती तितके ते आवळत होते. तानाबाईने कमरेची सुरी काढून स्वतःचे जाळे चार ठिकाणी कापले. मग तिला माझ्यावर ओढू लागली. उर्वशीने लाल फळी सोडली नाही. ती परत द्यायची आहे, असे काहीतरी पुटपुटत होती.

"राहू दे तिले," तानाबाई म्हणाली. "तिले तरंगता येते. तुले येऊन नाही राह्यलं."

तेव्हा तिची बोटे सुटली. पन्नास किलोंची तानाबाई, चौसष्टची उर्वशी, भिजलेले कपडे. मी चार बोटे खाली गेले, आणखी नाही. परत फिरलो तेव्हा वादळ पाठीशी लागले. लाटांनी आम्हाला काठाकडे ढकलले. मागे टेकाडावर वीज पडली तो आवाज मी ऐकला नाही; तो माझ्या अंगातल्या फेसातून गेला. आम्ही चिखलाला लागलो तेव्हा गारा सुरू झाल्या होत्या.

कौसल्याने लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग पदराने तिचे डोके पुसू लागली. गारा पडत होत्या, तरी पुसतच राहिली. "तू पुन्हा जाशील ते मले मालूम हाय," ती म्हणाली. "पण तानाबाईले विचारून जाय."

दुसऱ्या दिवशी लाल फळी बांधाच्या दगडांत सापडली. तिला साधा ओरखडाही नव्हता.

पुढच्या रविवारी उर्वशीने झेंड्याकडे पाहिले नाही. तानाबाईकडे गेली. आज पाण्यावर कुठे वारा आहे आणि कुठे नाही, हे तिने एकेका जागेचे विचारून घेतले. तानाबाईलाही इतके विचारणारे कोणी भेटले नसावे. ती बराच वेळ हात हलवून सांगत राहिली. मग उर्वशीने पांढरी घेतली नाही, लाल घेतली नाही, मला घेतले. मुद्दाम टेकाडाच्या सावलीत शिरली आणि शीड सोडून उभी राहिली. विहारावर झेंडा ताणलेला होता. इथे तिच्या कपाळावरची बटसुद्धा हलत नव्हती. मी तिच्या पायाखाली नेहमीसारखी निवांत होते.

मग ती खाली माझ्याकडे पाहून म्हणाली, "म्हंजे तू मार्चपासून..." ती खाली बसली आणि माझ्या ठिगळावर तळहात ठेवला.

परतल्यावर तिने मामाला पुन्हा हिशेब करायला लावला, या वेळी फळीचे आणि शिडाचे वजन धरून. पांढरी आठ किलोंची, शीड-जाकीट दहा, ती चौसष्ट, ब्याऐंशी. एकशे पाचातून तेवीस उरले. तेवढ्यावर, वारा पडला तरी, डुलत डुलत उभे राहून शीड उचलता येते. लाल फळी नागपूरला परत गेली. ती वाईट नव्हती. तिच्यावर चढणाऱ्याने आधी पाणी ओळखायला हवे, एवढेच.

पांढरी आता उर्वशीची आहे. ती तिच्यावर पाण्यात गेली की मला काठावर पाण्याला टेकून ठेवतात. माझ्यावर काही वाळत घालायचे नाही, असे कौसल्याने सगळ्यांना बजावले आहे. शीड कुठे थबकले की मी अजून मोजू लागते. पांढरी बुडते तळपायांपर्यंत, आणि थांबते. दर वेळी थांबते. तरी माझी भीती जात नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुम्हाला हलके आणि वेगवान हवेसे वाटेल. ते जरूर घ्या. पण ज्याने तुम्हाला इतके दिवस उचलून धरले त्याला बाजूला ठेवण्याआधी एकदा त्याच्यावर शांत उभे राहा, आणि तो तुमच्यासाठी काय काय झाकून नेत होता ते बघा. वस्तू असो की माणूस, जो सगळे निमूट पोटात घालतो तो तुम्हाला धोक्याची खबर देत नाही. मी उर्वशीला दिली नाही. आम्हाला विचारा, मित्रांनो. आम्ही आपणहून सांगत नाही.