विट्स्केच्या शेजारची खुर्ची

माझ्या बैठकीखाली काळ्या रंगात सत्तावीस हा आकडा लिहिलेला आहे. मित्रांनो, तो माझा जन्मक्रमांक. विन्सखोटेन गावच्या लॅमर्ट नावाच्या सुतारानं चर्चच्या सभागृहासाठी आम्हा चाळीस खुर्च्या बीच नावाच्या झाडाच्या लाकडातून घडवल्या. हातानं कड तासताना तो म्हणे, "बसणाऱ्याच्या मांडीला टोचलं तर त्याचं प्रार्थनेत लक्ष कसं लागायचं?" त्यामुळे माझी कड आजही मऊ आहे. एवढं एकच मी अभिमानानं सांगते.

पुढे ते चर्च बंद पडलं आणि आम्ही विखुरलो. मी ग्रोनिंगेन शहरात एका मुलीच्या पोटमाळ्यावर आले. तिचं नाव विट्स्के. ती घरी बसून एकटीच वेबसाइट तयार करायची. बेकरीची, सायकल दुरुस्तीवाल्याची, बांधावरच्या छोट्या संग्रहालयाची. तिची स्वतःची खुर्ची वेगळी होती. मला तिनं आपल्या डाव्या हाताला ठेवलं होतं, आणि माझं काम वेगळंच होतं.

कुठलंही पान तयार झालं की विट्स्के कुणाला तरी आणून माझ्यावर बसवायची. बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरच्या आल्ट्येबाई असायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, तोंड मात्र विशीतलं.

"पोरी, हे दाबायचं आहे की नुसतं बघून खूश व्हायचं?"

विट्स्के उत्तर द्यायची नाही. हात मांडीवर ठेवून गप्प बसायची. समोरचं माणूस अडलं तरी बोलायचं नाही, हा तिचा नियम होता. माणूस जिथे अडलं तिथे पान चुकलं, असं ती मानायची. मग आल्ट्येबाई चिडायच्या.

"तोंडात मूग गिळलेत का गं? कॉफी पाजतेस आणि परीक्षा घेतेस!"

त्या गेल्या की विट्स्के हसत हसत सगळं पुसून नव्यानं आखायची. अशी सहा वर्षं गेली. विट्स्केची पानं म्हाताऱ्या माणसांना वापरता येतात, असं गावात नाव झालं. ते नाव ऐकलं की मलाही वाटायचं, यात थोडा वाटा माझा आहे.

नाव झालं तशी कामं वाढली. मग मारित आली. तीही आखणी करणारी, विट्स्केची शिकतानाची मैत्रीण. पहिले तीन आठवडे तिला बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ती माझ्यावरच बसून काम करायची. त्या दोघी इतक्या हसायच्या की आल्ट्येबाई खालून काठीनं छत ठोकायच्या. त्यानंतर च्येर्ड आला, रुलीन आली. पोटमाळा पुरेना. विट्स्केनं कालव्याकाठच्या जुन्या पिठाच्या गिरणीत दोन खोल्या घेतल्या आणि दारावर स्टुडिओची पाटी लावली. आल्ट्येबाई तोवर मुलीकडे राहायला गेल्या होत्या.

नव्या जागेत चाकांच्या खुर्च्या आल्या. मला दाराजवळ भिंतीला लावलं. आधी माझ्यावर ओले रेनकोट पडायचे, मग सायकलची हेल्मेटं, मग कागदांची खोकी. शेवटी मी खोक्यांखाली दिसेनाशीच झाले. मला राग नव्हता. वाईट वाटायचं ते विट्स्केकडे बघून. तिचे हात आता पानं आखत नव्हते. ती दिवसभर फोनवर असायची, तारखा जुळवायची, कुणाची रजा, कुणाचं दुखणं, कोणतं नवं काम मिळेल, हेच बघायची. मारितच्या संगणकासमोर ती क्षणभर थांबायची, बोट पुढे करायची, आणि तेवढ्यात फोन वाजायचा.

मग दवाखान्यांच्या एका संघाचं काम आलं. रोग्यांनी घरबसल्या नेहमीची औषधं मागवायची, त्यासाठीचं पान. आजवरचं सगळ्यांत मोठं काम. औषधं निवडून पुढे गेलं की वरती मोठ्या हिरव्या अक्षरांत 'धन्यवाद' दिसायचं. संघालाच ते तसं हवं होतं. पण मागणी नक्की करायचं बटण त्याच पानावर पार खाली होतं, सरकवल्याशिवाय न दिसणारं.

मारित त्यावर अडून बसली.

"धन्यवाद वाचल्यावर कोण खाली जाईल गं? चार म्हाताऱ्या माणसांना बसवून बघू. आठवडा लागेल."

"त्यांना सोमवारी पान हवंय."

"मग पुढच्या सोमवारी देऊ."

"आणि पुढचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं तर? च्येर्डला काय सांगू? तुला काय सांगू?"

"पूर्वी तू असं म्हणाली नसतीस, विट्स्के."

"पूर्वी मी एकटी होते," ती म्हणाली. "एकटीचं कसंही निभतं."

सोमवारी पान सुरू झालं. रुलीननं केक आणला. चौघांनी उभ्याउभ्याच खाल्ला.

सात आठवड्यांनी, दुपारी बाकीचे जेवायला गेले असताना, दारात एक पन्नाशीचा माणूस आला. अंगावर बस चालवणाऱ्यांचा गणवेश. नाव सांगितलं, हार्म वोल्टहाउस. दवाखान्यात कुणीतरी त्याला इथला पत्ता दिला होता.

"मी भांडायला आलो नाही," तो म्हणाला. "माझ्या आईनं काय चुकवलं, तेवढं दाखवा."

बसायला देण्यासाठी विट्स्केनं माझ्यावरची खोकी उचलली. तो जड माणूस होता, पण अगदी कडेवर टेकला.

त्यानं सांगितलं ते असं. त्याची आई, खेस्ये, रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या घ्यायची. तिनं त्या या पानावरून मागवल्या आणि घरपोच येतील म्हणून वाट बघत राहिली, पण दवाखान्याकडे तिची मागणी पोहोचलीच नव्हती. अकराव्या दिवशी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता ती शुश्रूषागृहात होती.

"डाव्या हातानं एकच वाक्य लिहिते. 'मी दाबलं होतं.' रोज लिहिते. नर्स म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय. मीही तेच म्हणतो. म्हणतो, आई, असू दे, विसरलीस तू."

विट्स्केनं पान उघडलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. हात मांडीवर घेतले. त्यानं औषध निवडलं, पुढे गेला. हिरवं 'धन्यवाद' आलं.

"झालं ना?" त्यानं विचारलं.

तिचे हात मांडीवरच होते.

"अहो, झालं ना?"

"नाही झालं," विट्स्के म्हणाली. "खाली अजून एक बटण आहे."

"कुठे?"

तिनं दाखवलं. त्यानं पान पुन्हा वर सरकवून ते 'धन्यवाद' एकदा वाचलं.

"म्हणजे आई खरं सांगत होती."

"हो."

"आणि मी तिला रोज खोटं पाडत होतो."

विट्स्के म्हणाली, "मला आधी सांगितलं होतं, हे चुकतंय म्हणून. मी ऐकलं नाही."

"हे लिहून द्याल? तिला वाचून दाखवायचंय."

तिनं कागद घेतला आणि हातानं लिहिलं: तुम्ही बरोबर दाबलं होतं. चूक माझी होती. खाली पूर्ण नाव, सही. देताना विचारलं, "मी त्यांना भेटायला येऊ का?"

"नको," तो म्हणाला. रागानं नव्हे. "तिला माणसं अजून ओळखू येतात. तुम्ही तिच्या ओळखीच्या होऊ नका."

तो गेल्यावर तिनं संघाला फोन केला आणि संध्याकाळच्या आत ते बटण स्वतःच्या हातानं वर आणलं. किती वर्षांनी तिचे हात पुन्हा एखादं पान आखत होते! मला ते बघवत नव्हतं.

कागदाची बातमी संघापर्यंत पोहोचली. त्यांनी सगळा दोष स्टुडिओवर टाकला आणि काम काढून घेतलं. मारित चिडली.

"वकिलाला तरी विचारायचंस!"

"विचारलं असतं तर लिहिता आलं नसतं."

"मग मला तरी विचारायचंस. तेव्हाही नाही विचारलंस, आताही नाही."

उन्हाळ्याच्या आत मारित गेली, मग च्येर्ड, मग रुलीन. मारित जाताना दारात थांबली होती. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, पण मिठी कुणी मारली नाही. नंतर पाटी उतरली. विट्स्के आता कुणाच्या तरी मोठ्या कचेरीत नोकरी करते, असं ऐकलं. तिनं मला बरोबर नेलं नाही. खोलीतून निघताना तिनं माझ्याकडे बघायचंही टाळलं. खेस्येबाईंचं काय झालं, तो कागद त्यांना कळला का, मला कधीच समजलं नाही.

त्या खोल्यांत आता एक दंतवैद्य आहे. त्याच्या बाहेरच्या खोलीत मी असते. माझ्या पाठीची एक लाकडी काडी तुटलीय, ती कुणी बसवत नाही.

मित्रांनो, माझ्या काडीचं राहू द्या. पण उद्या तुमच्या हातून काही घडेल, तुमच्या हाताखाली माणसंही येतील. तेव्हा कुणी म्हातारं माणूस येऊन म्हणेल, "मी बरोबर केलं होतं हो." घाईत असलात तरी त्याला विसरभोळं म्हणू नका. आधी त्याला बसायला द्या, आणि त्याचं म्हणणं खरं असेल असं धरून बघा.